गिंपमध्ये अडलात? विचारा ना, पण असं विचारा

मावशीला बेदाण्याच्या पाकिटांसाठी लेबल हवं होतं आणि घरात कॉम्प्युटरवाला कोण तर मी, एवढ्या एका भांडवलावर ते काम माझ्या गळ्यात पडलं. नाशिकच्या सिडकोतल्या तिच्या गच्चीवर बेदाणे वाळतात, द्राक्षं येतात पिंपळगावहून तात्यांच्या बागेतून (तात्या म्हणजे तिचे मोठे दीर), आणि पाव किलोची पाकिटं ओळखीपाळखीत खपतात. फोटोशॉपचं दर महिन्याचं भाडं भरण्याइतका काही हा धंदा मोठा नाही, म्हणून मी गिंप हे फोटो एडिटिंगचं फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. पहिल्या रात्री दोन वाजेपर्यंत बसलो आणि एक द्राक्षाचा घड मागच्या टाईल्सपासून वेगळा करता आला नाही. मग वैतागून एका ग्रुपवर टाकलं, "गिंपमध्ये बॅकग्राउंड जात नाहीये, प्लीज हेल्प". तीन दिवसांत एकच उत्तर आलं. "यूट्यूबवर बघ."

तेव्हा लय राग आला होता. आता त्याच ग्रुपवर मी नव्या लोकांना उत्तरं देतो तेव्हा कळतं की त्या माणसाचं काही चुकलं नव्हतं, त्याला माझी स्क्रीनच दिसत नव्हती तर तो बिचारा सांगणार काय. गिंप कसं वापरायचं हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत, त्यामुळे ते मी इथे सांगत बसणार नाही. अडल्यावर कोणाला विचारायचं, काय विचारायचं आणि चित्र तयार झाल्यावर ते कसं झालंय हे कोणाकडून ऐकून घ्यायचं, एवढंच सांगतो.

आणि यातली मेन गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण ती कळायला मला वर्ष लागलं. मदत आणि फीडबॅक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या दोन वेगळ्या माणसांकडून घ्यायच्या असतात. "कडा कशा कापू" हे सॉफ्टवेअर येणाऱ्याला विचारायचं. "हे कसं दिसतंय" हे मात्र जो ते चित्र बघणार आहे, पाकीट विकत घेणार आहे त्याला विचारायचं, त्याला गिंपचा ग सुद्धा माहीत नसला तरी चालतो, खरं तर नसलेलाच बरा. आपण नेमकं उलटं करतो.

आधी हे माहीत असू द्या

गिंपला कस्टमर केअर नाही. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी हे सुरू केलं, आणि आज ते मुख्यतः हौसेने काम करणारे लोक चालवतात. त्यामुळे तुम्हाला जो कोणी उत्तर देतो तो स्वतःची संध्याकाळ घालवून देतो. "अर्जंट आहे, उद्या छापायचंय" असं लिहिलं की त्याच्यावर काडीचा फरक पडत नाही, उलट तो सोडून पुढे जातो. अर्जंट असेल तर गल्लीतल्या डीटीपीवाल्याकडे जा, शंभर-दोनशे रुपये द्या, मोकळे व्हा. खरंच सांगतोय, त्यात कमीपणा नाही.

डाउनलोड गिंप डॉट ओआरजी या त्यांच्या स्वतःच्या साइटवरूनच करायचं. सर्चमध्ये सगळ्यात वर जाहिराती येतात, त्यावर घाईत क्लिक करू नका, फुकटच्या सॉफ्टवेअरच्या नावाने व्हायरस विकणारे कमी नाहीत.

अजून एक म्हणजे हत्यार बरोबर निवडलंय का बघा, कारण निम्मे प्रश्न तिथेच संपतात. फोटोत फेरफार करायचे तर गिंप. लोगो, लेबल, नुसती अक्षरं आणि आकार असतील तर इंकस्केप, कारण त्यातलं चित्र कितीही मोठं केलं तरी फाटत नाही. हाताने चित्र काढायचंय, पेन टॅबलेट आहे, तर क्रिता. कॅमेऱ्याच्या रॉ फाइल असतील तर डार्कटेबल. सगळी फुकट आहेत. मी स्वतः मावशीच्या लेबलावरची अक्षरं शेवटी इंकस्केपमध्येच केली, गिंपमध्ये त्यांच्याशी दोन आठवडे कुस्ती केल्यावर.

विचारण्याआधी दहा मिनिटं

नव्या माणसाचे प्रश्न मी एवढे पाहिलेत की आता प्रश्न अर्धा वाचला तरी उत्तर माहीत असतं. त्यामुळे ग्रुपवर टाकण्याआधी हे एवढं तपासा, दहातल्या सहा वेळा तिथेच सुटेल.

ब्रश फिरवतोय पण काहीच उमटत नाही. हा एक नंबरचा प्रश्न. बहुतेक वेळा कुठेतरी कोपऱ्यात एक छोटंसं सिलेक्शन (निवडलेला भाग) राहिलेलं असतं आणि गिंप फक्त त्याच्या आतच रंगवू देतं. कंट्रोल, शिफ्ट आणि ए एकत्र दाबा, सिलेक्शन जातं. तरी नाही झालं तर उजवीकडे लेयरच्या (म्हणजे चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांच्या) यादीत बघा की तुम्ही भलत्याच लेयरवर तर नाही ना. लेयरला कुलूप लागलंय का, अपारदर्शकता शून्यावर गेलीये का, आणि लेयरला मास्क (लेयरचा कुठला भाग दिसावा, कुठला झाकावा हे ठरवणारा काळा-पांढरा पडदा) असेल तर तुम्ही चित्राऐवजी मास्कवर रंगवताय का हे बघा. आणि लेयर कॅनव्हासपेक्षा लहान असेल तर पिवळ्या तुटक रेषेच्या बाहेर काही उमटत नाही, त्याला लेयर मेन्यूत लेयर टू इमेज साइज आहे.

खोडरबर फिरवला तर पारदर्शक व्हायच्या ऐवजी पांढरं होतंय. जेपीजी फाइलला पारदर्शकता नसतेच, त्यामुळे तो लेयर उघडल्यावर खोडलं की खालचा बॅकग्राउंड रंग दिसतो. लेयर मेन्यूत ट्रान्सपरन्सी, त्यात ॲड अल्फा चॅनल. झालं. आणि सेव्ह करताना परत जेपीजी केलं तर परत पांढरं होणार, पीएनजी करा.

सगळी पॅनलं गायब झाली. टॅब दाबला गेला. परत दाबा. हसू नका, मी यासाठी एकदा गिंप काढून परत टाकलं होतं.

रंग भलतेच येतायत, लाल उचलला तर तपकिरी उमटतो. जिफ फाइल उघडली असेल, ती इंडेक्स्ड मोडमध्ये असते, म्हणजे तिच्यात मोजकेच रंग असतात. इमेज मेन्यूत मोड, त्यात आरजीबी करा.

सेव्ह केलं तर जेपीजी होत नाही, एक्ससीएफ नावाचं काहीतरी होतं. २०१२ च्या २.८ पासून ते तसंच आहे, सेव्ह म्हणजे गिंपची स्वतःची लेयरवाली फाइल आणि जेपीजी-पीएनजी साठी एक्सपोर्ट. सुरुवातीला डोक्यात जातं पण नंतर याच गोष्टीने वाचवलं मला, ते शेवटी सांगतो.

आणि एक अमुक कमांड कुठे आहे हेच सापडत नसेल तर कीबोर्डवर तिरकी रेघ दाबा, ती प्रश्नचिन्हाच्या बटणावरची. एक सर्चचा डबा उघडतो, त्यात ब्लर, क्रॉप जे हवं ते टाइप करा, कमांड समोर येते. दहा वर्ष गिंप वापरणाऱ्या लोकांना हे माहीत नसतं.

प्रश्न लिहायचा कसा

आता तरी सुटलं नाही तर विचारा, बिनधास्त विचारा. माझा तो पहिला प्रश्न आठवा, बॅकग्राउंड जात नाहीये वाला. तोच मी महिन्याभराने असा लिहिला:

"गिंप २.१०, विंडोज १०. द्राक्षाच्या घडाचा फोटो आहे, मागे पांढऱ्या टाईल्स आहेत. मला फक्त घड हवाय, लेबलवर हिरव्या रंगावर ठेवायचाय. फझी सिलेक्टने टाईल्स सिलेक्ट केल्या आणि डिलीट केल्या. टाईल्स गेल्या पण मण्यांच्या कडांना पांढरी किनार राहिली आणि जिथे मण्यावर उजेड चमकतो तिथे भोकं पडली. थ्रेशोल्ड १५ आणि ४० दोन्ही करून बघितलं. मूळ फोटो, आत्ताची अवस्था आणि पूर्ण स्क्रीनचा फोटो सोबत आहे. मी चुकीचं टूल वापरतोय का?"

वीस मिनिटांत उत्तर आलं, आणि नुसतं उत्तर नाही, त्या माणसाने माझ्याच फोटोवर करून दाखवलं. फझी सिलेक्ट रंगावरून निवडतं, मण्यावरची चमक आणि मागची टाईल दोन्ही पांढरी, त्याला फरक कसा कळणार. पाथ टूल घे, बी दाबलं की येतं, घडाच्या कडेने ठिपके टाकत जा, वळणावर ओढून गोलाई दे, पूर्ण झाला की त्याचं सिलेक्शन कर, एखाद-दोन पिक्सेल आत घे, आणि डिलीट करू नको, लेयर मास्क लाव, म्हणजे चुकलं तर काळ्या-पांढऱ्या ब्रशने दुरुस्त करता येतं. चाळीस मणी होते, दीड तास लागला, पण कड अशी आली की मावशी म्हणाली हे तू कात्रीने कापलंस का.

दोन्ही प्रश्नांत फरक काय ते बघा. दुसऱ्यात आवृत्ती आहे, ती हेल्प मेन्यूत अबाउटमध्ये मिळते. आणि आवृत्ती सांगणं आता जास्तच गरजेचं झालंय कारण मार्च २०२५ मध्ये ३.० आलं आणि त्यात बऱ्याच गोष्टी बदलल्या, फिल्टर लावला तरी तो लेयरवर वेगळा राहतो आणि नंतर बदलता येतो, पेस्ट केलं की गिंप वेगळं वागतं, जुने प्लगइन बरेचसे चालत नाहीत. तुमच्याकडे ३.० आणि समोरचा २.१० धरून सांगतोय, मग दोघंही एकमेकांना येडं समजतात.

दुसरं म्हणजे शेवटी काय हवंय ते सांगितलंय. हे लोक विसरतात. "लेयर कसे मर्ज करू" असं विचारतात, समोरचा सांगतो, मग कळतं की याला मर्ज करायचंच नव्हतं, याला दोन लेयर एकत्र हलवायचे होते आणि त्याच्या मते मर्ज हाच त्याचा मार्ग. तुम्ही शोधलेल्या वाटेबद्दल विचारू नका, कुठे जायचंय ते सांगा. नाशकात पंचवटीतून द्वारका चौकात कसं जायचं विचारणाऱ्याला माणूस रस्ता सांगेल पण तुम्हाला खरं तर नाशिकरोड स्टेशन गाठायचंय हे सांगितलं तर कदाचित वेगळाच रस्ता सांगेल ना.

आणि काय काय करून बघितलं ते लिहा. दोन फायदे. समोरचा तेच परत सुचवत नाही, आणि त्याला दिसतं की हा माणूस आयतं मागत नाहीये.

भाषेचा बाऊ करू नका. बाहेरच्या लोकांना विचारताय तर तोडकंमोडकं इंग्रजी चालतं, त्यांच्यातल्या निम्म्यांचीही ती मातृभाषा नाही. पण मेन्यूची नावं आहेत तशीच्या तशी लिहा, भाषांतर करू नका, आणि शिकत असेपर्यंत इंटरफेस इंग्रजीतच ठेवा म्हणजे कोणी सांगितलेलं बटण सापडतं.

फाइल पाठवताना

स्क्रीनचा फोटो म्हणजे मोबाइल कॉम्प्युटरसमोर धरून काढलेला तिरका, पट्टेपट्टे आलेला फोटो नाही. प्रिंट स्क्रीन दाबा. आणि पूर्ण खिडकी येऊ द्या, फक्त बिघडलेला तुकडा कापून पाठवू नका, कारण उत्तर बहुतेक वेळा उजवीकडच्या लेयरच्या यादीत नाहीतर डावीकडच्या टूलच्या सेटिंगमध्ये असतं आणि तुम्ही नेमकं तेच कापून टाकलेलं असतं.

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि दाबला जातो, हे आपल्याला चॅटमध्ये जाणवत नाही पण एडिटिंगसाठी तो फोटो गेला. डॉक्युमेंट म्हणून पाठवा, जसाच्या तसा जातो. मी एकदा १६०० बाय १२०० पिक्सेलचा फॉरवर्ड आलेला फोटो ए-फोर वर छापायला घेऊन गेलो होतो. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे तो फोटो नीट छापला जाणार जेमतेम सव्वापाच बाय चार इंच. ए-फोर पूर्ण भरायला २४८० बाय ३५०८ लागतात. छापणाऱ्याने समजावून सांगितलं तेव्हा कळलं, चूक माझीच होती.

फाइल खूप मोठी असेल तर कॉपी करून लहान करा, पण लेयर ठेवा, एक्ससीएफच द्या. आणि ग्राहकाचे आधारकार्ड, कोणाच्या घरातल्या पोरींचे फोटो, असलं काही मदत मागताना ग्रुपवर टाकू नका, त्या जागी दुसरा कुठलाही फोटो घेऊन तोच प्रॉब्लेम करून दाखवा. कोणी म्हणालं की तुझा कॉम्प्युटर मला रिमोटवर दे मी करून देतो, तर ओळखीचा असल्याशिवाय देऊ नका. तसंच मार्कशीटवरचा आकडा बदलायचाय किंवा दुसऱ्याच्या फोटोवरचं नाव पुसायचंय असलं विचारू नका, चांगले लोक तिथेच तुमच्याशी बोलणं बंद करतात.

आपलं खास दुखणं: देवनागरी

यावर जरा थांबतो कारण इथे बाहेरचे लोक फारसं काही करू शकत नाहीत, त्यांना आपलं अक्षर चुकलंय हेच दिसत नाही.

बेदाणे लिहिलं आणि "csnk.ks" सारखं काहीबाही... म्हणजे रोमन अक्षरांचा कचरा दिसला, तर तो मजकूर जुन्या फॉन्टातला आहे. डीटीपीवाल्यांकडचे जुने मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवून केलेले असतात, तो मजकूर युनिकोड (सगळ्या कॉम्प्युटरवर चालणारी अक्षरांची एकच पद्धत) नसतो. एकतर त्याच फॉन्टात दाखवा नाहीतर कन्व्हर्टरने युनिकोड करून घ्या, गिंपमध्ये काही बिघडलेलं नाही. युनिकोड फॉन्ट घ्या, मुक्त (Mukta), बलू (Baloo), नोटो सान्स देवनागरी, सगळे फुकट मिळतात आणि जोडाक्षरं नीट बसतात.

उलटं पण होतं. सगळं बरोबर दिसतं पण ल आणि श हिंदीसारखे येतात. ल मराठीत वेगळा, श ची गाठ वेगळी. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे लगेच खटकतं, काय खटकतंय ते सांगता येत नाही पण "हे पाकीट आपल्याकडचं वाटत नाही" म्हणतात. टेक्स्ट टूलच्या सेटिंगमध्ये भाषा निवडायची सोय आहे, तिथे मराठी करा, फॉन्टात मराठी आकार दिलेले असतील तर ते आपोआप येतात.

यातलं काही विचारायचं तर तीन गोष्टी द्या, फॉन्टचं नाव, आत्ता कसं दिसतंय त्याचं चित्र, आणि कसं दिसायला हवं ते कागदावर लिहून काढलेला फोटो. परदेशातला माणूस सुद्धा मग दोन चित्रं ताडून बघू शकतो. आणि जोडाक्षर गिंपमध्येच फुटतंय, तोच फॉन्ट बाकी सगळीकडे नीट दिसतोय अशी खात्री झाली तर तो बग आहे, तो गिंपवाल्यांच्या गिटलॅबवर (बग नोंदवायच्या त्यांच्या साइटवर) नोंदवा. देवनागरी वापरणाऱ्यांनीच नोंदवला नाही तर त्यांना कळणार कुठून.

उत्तर आलं की

करून बघा आणि परत जाऊन सांगा झालं की नाही. "थँक्स भाऊ" एवढं पुरत नाही, नेमकं कशाने सुटलं ते एका ओळीत लिहा, पुढचा माणूस तेच शोधत येतो. नाही सुटलं तर कुठल्या पायरीला अडलं ते लिहा. दिवसभर उत्तर नाही आलं तर एकदा आठवण करा, तीनदा नको. युरोपातली माणसं असतील तर त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली रात्र, सकाळी उठून बघा. आणि तोच प्रश्न एकाच वेळी पाच ठिकाणी चिकटवू नका, पाच जण एकच उत्तर टाइप करत बसतात आणि कळल्यावर पाचही जण चिडतात.

आता फीडबॅक

मदतीपेक्षा हे अवघड आहे, कारण इथे स्वतःचं चित्र दुसऱ्याच्या हातात द्यायचं असतं.

लेबलचा पहिला नमुना झाला. मी घडाचा हिरवा रंग चांगला चढवला होता, मणी एकदम गुळगुळीत, चकचकीत केले होते, हीलिंग टूलने एकेक डाग पुसला होता. ग्रुपवर टाकलं "कसं वाटतंय?" म्हणून. अंगठे आले, आग आली, "कडक भाऊ" आलं. माझी कॉलर टाइट. मग रविवारी तात्या आले, त्यांना फोनवर दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, "प्लास्टिकची का लावलीस? आपल्याकडं नव्हती का द्राक्षं?"

मला कळेना. मग त्यांनी सांगितलं, ताज्या द्राक्षावर एक पांढरट झाक असते, मेणासारखी, ती मण्याची स्वतःची असते, औषधाची नाही. माल हाताळला की ती पुसली जाते, म्हणून काढणीला मणी धरत नाहीत, घड देठाला धरून काढतात. बाजारात बघणारा माणूस त्या झाकेवरून माल ताजा की हाताळलेला ते ओळखतो. मी ती धूळ समजून दोन तास घालवून पुसली होती! ग्रुपवरचे चाळीस जण गिंप जाणणारे, एकाला दिसलं नाही. तात्यांना माऊस धरता येत नाही.

मास्क आणि लेयर ठेवले होते म्हणून मूळ झाक परत आणता आली, रंग पण अर्ध्यावर उतरवला. तेव्हापासून मी फीडबॅक घेताना काय काय करतो ते सांगतो, क्रम महत्त्वाचा नाही.

"कसं वाटतंय" विचारत नाही. त्याचं उत्तर "छान" हेच असतं, आपल्याकडे कोणी तोंडावर वाईट म्हणत नाही. त्याऐवजी फोन हातात देतो, तीन आकडे मोजतो, परत घेतो, आणि विचारतो काय दिसलं, कशाचं आहे, काय लिहिलं होतं. शेजारच्या काकूंना हे केलं तर त्या म्हणाल्या "द्राक्षं विकताय का?" म्हणजे बेदाणे हा शब्द त्यांना दिसलाच नव्हता. काही बोलायची गरज नाही, कळलं काय करायचं ते.

बाजू मांडत बसत नाही. "अहो ते मुद्दाम तसं केलंय" हे वाक्य तोंडात आलं की गिळायचं. पाकिटासोबत तुम्ही दुकानात उभे राहून समजावणार नाही आहात.

माणूस जे दुखणं सांगतो ते बहुतेक खरं असतं पण तो जे औषध सांगतो ते खरं असेलच असं नाही. मावशी म्हणाली नाव मोठं कर. दोन जणांनी तेच सांगितलं. मी मोठं करत गेलो, लेबल भरून गेलं, तरी नाव दिसेना. खरी गोष्ट अशी की हिरव्या घडावर मी गडद हिरवं नाव लिहिलं होतं. कलर्स मेन्यूत डीसॅच्युरेट करून काळं-पांढरं केलं तर नाव आणि घड एकाच करड्या रंगाचे झाले, वेगळे दिसेचनात. नाव फिक्कं पिवळट केलं, आकार होता त्याहून लहान केला, लांबून दिसायला लागलं. ही काळं-पांढरं करून बघायची युक्ती कोणाला न विचारता घरीच करता येते, तसंच चित्र दहा टक्क्यांवर झूम करून बघा, आणि आडवं उलटं करून बघा, रोज बघून डोळे सरावलेले असतात ते जागे होतात.

रंगाबद्दल कोणी बोललं तर आधी त्याचा फोन विचारा. एकाने सांगितलं लेबल पिवळं पडलंय, मी निळा वाढवत बसलो, नंतर कळलं त्याच्या फोनला रात्रीचा मोड चालू होता. दोन-तीन फोनवर बघा, त्यातला एक जुना स्वस्तातला असू द्या, आणि एकदा दुपारी उन्हात बाहेर जाऊन बघा.

फोटोग्राफीच्या कामाचा फीडबॅक असेल तर मात्र जाणकार लागतो, तिथे तात्या चालत नाहीत. आम्ही चौघं थंडीत नांदूरमधमेश्वरला पक्ष्यांचे फोटो काढायला जातो, आल्यावर एकमेकांचे फोटो फाडून खातो. नियम एकच, प्रत्येकाने फोटो टाकताना एक प्रश्न लिहायचा. "पांढऱ्या बगळ्याची पिसं जळालीत का?" (म्हणजे इतकी पांढरी झालीत का की बारकावेच गेले) असं विचारलं की समोरचा लेव्हल्स उघडून आलेख बघतो आणि उजव्या टोकाला चिकटलाय का ते सांगतो. नुसता फोटो टाकला तर "वा".

प्रत्येक बदलाच्या आधी नवीन नावाने फाइल सेव्ह करा, लेबल १, लेबल २ असे आकडे द्या. फायनल असं नाव कधी देऊ नका, माझ्याकडे फायनल, फायनल नवीन आणि फायनल खरंच अशा तीन फाइल आहेत आणि छापली गेलेली त्यातली एकही नाही.

छापण्याआधी

छापणाऱ्याला फाइल करायच्या आधी विचारा, नंतर नाही. कुठल्या मापात, कडेला किती जागा जास्त, पीडीएफ की टिफ, रंग कुठल्या पद्धतीत. पडद्यावरचा झगझगीत हिरवा कागदावर तसा येत नाही, शाईत तो बसतच नाही, यात ना गिंपची चूक ना छापणाऱ्याची. ३.० मध्ये छपाईचे रंग कसे येतील याचा अंदाज पडद्यावर बघता येतो आणि काही प्रकारच्या फाइल थेट सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंच्या रंगपद्धतीत) एक्सपोर्ट होतात, पण तरी एक नमुना छापून घ्याच. मी साध्या कागदावर खऱ्या मापात एक प्रत काढली, कापून पाकिटाला चिकटवली आणि मावशीच्या स्वयंपाकघरात फळीवर बाकीच्या डब्यांमध्ये नेऊन ठेवली, कोणाला काही न सांगता.

दोन दिवसांनी खालच्या मजल्यावरची एक बाई साखर मागायला आली. पाकीट उचललं, उलटंपालटं केलं आणि म्हणाली, "किती ग्रॅमचं आहे गं हे? लिहिलेलं नाही कुठं."

वजन! दीड महिना, चाळीस जणांचा ग्रुप, तात्या, मावशी, मी. पाकिटावर वजन लिहायचं कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, बेदाणे पॅक करून विकायचे तर ते लिहावंच लागतं. एक्ससीएफ फाइल होती, लेयर शाबूत होते. पाच मिनिटांत "२५० ग्रॅम" बसवलं आणि दुसऱ्या दिवशी छापायला टाकलं.